भाडेकरूंसकट घर घेताय? एक बिऱ्हाड रिकामं लिहून घ्या

अमेरिकेत एफएचए कर्जावर (सरकारी विमा असलेलं गृहकर्ज) दोन ते चार बिऱ्हाडांचं घर किमतीच्या साडेतीन टक्के भरूनही मिळतं (क्रेडिट स्कोअर ५८० तरी हवा). पण क्लोजिंगपासून (व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होतं तो दिवस) ६० दिवसांत स्वतः राहायला जावं लागतं. सगळीकडे भाडेकरू असतील तर राहणार कुठे?

१. ऑफरआधी सगळे भाडेकरार मागवा. मुदतीचा करार घर विकल्याने संपत नाही, तो नव्या मालकाच्या गळ्यात येतो. म्हणून ज्याची मुदत लवकर संपते किंवा जो महिन्या-महिन्यावर राहतो, तेच बिऱ्हाड स्वतःसाठी हेरा.

२. ‘हे युनिट क्लोजिंगला रिकामं मिळेल’ ही ओळ खरेदीच्या करारातच हवी. सगळ्यात महत्त्वाचं हेच. न्यू जर्सीत तीन बिऱ्हाडांपर्यंतच्या घरात या ओळीच्या आधारेच विकणारा भाडेकरूला नोटीस देऊ शकतो, तीही दोन महिन्यांची.

३. उरलेल्यांकडून भाडं, अनामत आणि मुदत सहीनिशी लिहून घ्या (एस्टॉपेल सर्टिफिकेट).

मात्र क्लोजिंगच्या सह्या करण्याआधी ते युनिट स्वतः उघडून बघा. कपाटात कपडे, फ्रिजमध्ये दूध दिसलं, तर क्लोजिंग पुढे ढकला. ताबा घेतल्यावर भाडेकरूला बाहेर काढणं तुमच्या अंगावर येतं, आणि ६० दिवस तर चालूच असतात.