चीनमधे व्हीगन आणि तब्येतीला बरं असं काय मागवायचं

शांघायला नोकरीसाठी तीन वर्षं होते, त्यातली शेवटची दोन पूर्ण व्हीगन, म्हणजे मांस मासे तर नाहीच, दूध अंडं पण नाही. आता ओळखीतलं कुणीही चीनला निघालं की मला फोन येतो, अगं तिकडे खायचं काय, ठेपले किती न्यायचे, उपम्याची पाकिटं किती. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतेय.

पहिलं म्हणजे घाबरू नका. चायनीज स्वयंपाकात दूध, तूप, लोणी, दही, पनीर जवळजवळ नसतंच. आपल्याकडे व्हीगन माणसाला प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं ना, फोडणी तुपाची आहे का, ग्रेव्हीत क्रीम आहे का, ते तिथे विचारावं लागत नाही. अडचण दुसरीकडे आहे. तिथे मांस हे बऱ्याचदा भाजीला चव यावी म्हणून वापरतात, आपण भाजीत दाण्याचं कूट घालतो तसं. पालेभाजी डुकराच्या चरबीत परततात, वरून ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, मिठाबरोबर चिकन पावडर, दुधीच्या नाहीतर कोहळ्याच्या सूपमधे सुकट. मेन्यूवर फोटो हिरवागार, नाव पण भाजीचं, आणि आत हे सगळं.

मी पहिल्याच महिन्यात एका छोट्या हॉटेलात फरसबीचा फोटो बघून बोट दाखवलं, डिश आली तर शेंगांच्या मधेमधे खिमा. मी रौ नको, म्हणजे मांस नको, असं दोनदा म्हटलं तर त्या बाई खरंच प्रेमाने प्लेट आत घेऊन गेल्या आणि खिमा वेचून काढून तीच प्लेट परत आणली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. तेव्हा कळलं की फक्त मांस नको म्हणून भागत नाही. शिवाय रौ हा शब्द नुसता वापरला की त्यांच्या डोक्यात मुख्यतः डुकराचं मांस येतं, मग चिकन चालेल, कोळंबी चालेल, अंडं तर चालेलच असं धरून चालतात.

तर म्हणायचं काय? "वो छ्र छुन सू", म्हणजे मी पूर्ण शाकाहारी खाते. सू म्हणजे शाकाहार, छुन म्हणजे शुद्ध. पण तेवढ्यावर थांबू नका, एकेक गोष्ट मोजून सांगा. बू याओ म्हणजे नको. बू याओ रौ, मांस नको. बू याओ दान, अंडं नको. बू याओ हाय श्येन, समुद्रातलं काही नको. बू याओ हाओ योऊ, ऑयस्टर सॉस नको. बू याओ जी जिंग, चिकन पावडर नको. बू याओ जू योऊ, डुकराची चरबी नको. आणि तब्येतीसाठी शाओ योऊ, शाओ येन, म्हणजे तेल कमी, मीठ कमी. चायनीजमधे स्वर चुकला की शब्दच बदलतो, त्यामुळे हे सगळं चिनी लिपीत फोनवर एका स्क्रीनवर टाईप करून ठेवा आणि सरळ वेटरच्या हातात फोन द्या, माझ्या अनुभवात आत स्वयंपाक्यापर्यंत फोन नेऊन दाखवणारेच जास्त भेटले.

हे ऐकल्यावर कुणी उलट विचारलं की लसूण चालेल का, तर दचकू नका. चीनमधे सू खाणं म्हणजे पुष्कळांसाठी बौद्ध पद्धतीचं खाणं, आणि त्यात कांदा, लसूण वगैरे पाच उग्र गोष्टी वर्ज्य असतात, आपल्याकडे चातुर्मासात कांदा लसूण सोडतात तसंच. त्या पाचांच्या एका जुन्या यादीत हिंगसुद्धा आहे, आणि त्याचं चिनी नाव संस्कृत हिंगूवरूनच आलंय.

आता मुख्य मुद्दा. मेन्यूवर भाजीचं नाव वाचत बसू नका, कृतीचा शब्द वाचा. चायनीज डिशच्या नावात बहुतेक वेळा ती कशी केलीय तेच लिहिलेलं असतं, आणि ते आठ दहा शब्द ओळखता आले की डिश व्हीगन असण्याची शक्यता किती आणि तेल किती हे दोन्ही मागवायच्या आधीच कळतं.

ल्यांग बान म्हणजे गार, कालवलेलं, आपल्या कोशिंबिरीच्या जवळचं. काकडी ठेचून त्यात लसूण, व्हिनेगर, थोडा सोया सॉस, तिळाचं तेल, ती फाय ह्वांग ग्वा. लाकडी बुरशीचे काळे कान म्हणजे मू अर, कुरकुरीत लागतात आणि चवीला काही उग्र नसतं. समुद्री शेवाळाच्या पट्ट्या, हाय दाय, ह्यात आयोडीन भरपूर असतं म्हणून थायरॉईडवाल्यांनी जपून. हा विभाग सगळ्यात सुरक्षित, मी कुठेही गेले तरी एक डिश इथलीच.

छिंग छाओ म्हणजे साधं परतलेलं, आणि स्वान रोंग म्हणजे लसणीवर परतलेलं. पालेभाजी घ्यायची तर ह्यातच घ्या. आणि पालेभाज्या किती ओळखीच्या निघतात! खोंग शिन त्साय म्हणजे आपली नाळीची भाजी. श्येन त्साय म्हणजे चक्क माठ, उन्हाळ्यात शांघायमधे लाल माठ लसणीवर परतून देतात आणि त्याचा गुलाबी रस्सा भातावर घेतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला आजीच्या हातची भाजी आठवली आणि डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

बाय ज्वो म्हणजे उकळत्या पाण्यातून काढलेलं, तेल सगळ्यात कमी, फक्त वरून घालायचा सॉस वेगळा मागा कारण त्यात ऑयस्टर सॉस असू शकतो. छिंग जंग म्हणजे वाफवलेलं. वाफवलेल्यात एक डिश खास सांगते, वू गू फंग दंग, बांबूच्या टोपलीत वाफवलेलं कणीस, रताळं, अळकुड्या, भुईमुगाच्या शेंगा असं सगळं येतं. त्यात लपवायला जागाच नाही, तेल नाही, मीठ नाही, आणि पोट भरतं. कित्येक जण हिच्याकडे बघत पण नाहीत कारण ती फार साधी वाटते.

आता जे शब्द दिसले की सावध व्हायचं. शांग थांग म्हणजे चांगल्या रश्श्यात शिजवलेलं, आणि तो रस्सा मांसाचाच, तिथे बू याओ म्हणून उपयोग नाही, ती डिशच सोडा. गान ग्वो म्हणजे खाली शेगडी ठेवून आणलेली कढई, फ्लॉवर दिसतो पण त्याबरोबर बहुतेक वेळा डुकराचे काप असतात आणि तेल पण भरपूर. गान ब्येन म्हणजे कोरडं परतलेलं, माझी ती फरसबी हीच, शेंगा आधी तळून घेतात आणि वर खिमा. होंग शाओ म्हणजे सोया सॉस आणि साखरेत मुरवलेलं, व्हीगन करून मिळतं पण गोड आणि खारट दोन्ही. आणि सगळ्यात फसवा शब्द श्वेइ जू, अर्थ पाण्यात उकडलेलं, आणि येतं ते लाल मिरचीच्या तेलात बुडालेलं. उकडलेलं म्हणून डाएटवाले हमखास मागवतात.

नावाचा उलटा गोंधळ पण आहे. यू श्यांग छ्ये झ, शब्दशः मासळीच्या वासाचं वांगं, त्यात मासा नसतो, तो एक मसाल्याचा प्रकार आहे, आंबट गोड तिखट. पण खिमा असू शकतो, आणि वांगं तळून घेतात, वांगं तेल कसं पितं ते आपल्याला सांगायला नको. ईशान्येकडची दी सान श्येन, बटाटा वांगं भोपळी मिरची, साधारणपणे व्हीगनच असते आणि चवीला अप्रतिम, पण तिन्ही भाज्या तळलेल्या. आठवड्यातून एकदा ठीक. त्यापेक्षा बटाटाच हवा तर स्वान ला थू दौ स, बटाट्याच्या बारीक सळ्या व्हिनेगर मिरचीवर झटपट परततात, किंचित कच्च्या ठेवतात, स्वस्त आणि मस्त.

टोफूबद्दल थोडं जास्त लिहिते कारण प्रोटीन तिथूनच यायचंय. चीनमधे टोफू म्हणजे एक पदार्थ नाही, अख्खं दुकान आहे. मऊ, घट्ट, दाबून सुकवलेला दौ गान, कागदासारखे पातळ थर, सोया दुधावरची साय वाळवून केलेल्या फू जू नावाच्या काड्या. उत्तरेकडचा टोफू खारवट द्रावणाने घट्ट करतात, दक्षिणेकडचा जिप्समने, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, म्हणून त्यातून कॅल्शियम चांगलं मिळतं. डब्यात येणारा एकदम रेशमी टोफू असतो त्यात कॅल्शियम बरंच कमी. आणि हे नक्की लक्षात ठेवा, जपानी टोफू म्हणून पिवळसर गोल चकत्या दिसतात तो टोफू नाहीच, तो अंड्याचा असतो. वाफवलेल्या टोफूवर सोया सॉस आणि कांद्याची पात, नाहीतर पालेभाजीबरोबर टोफूचं पातळ सूप, हे उत्तम. रस्त्यावरच्या वास येणाऱ्या टोफूपासून व्हीगन लोकांनी लांब राहावं, त्याचं मुरवायचं पाणी पारंपरिक पद्धतीने करताना सुकट किंवा दूध पण घालतात.

मापो टोफू सगळ्यांना माहीत असतो, छंगदू शहरातला, आणि मूळ डिशमधे खिमा असतोच. बू याओ रौ मो म्हणजे खिमा नको सांगितलं तर बरेच जण करून देतात, कारण त्याची खरी चव दौबान ज्यांग ह्या आंबवलेल्या मिरची आणि बाकल्याच्या पेस्टची आहे. त्यातली जीभ बधिर करणारी ह्वा ज्याओ म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, वास घेतला की पटेल. पण वरचं तेल ओतून द्या आणि टोफू चमच्याने वेचून खा, रस्सा भातावर घेऊ नका.

तेलासाठी एक युक्ती मला तिथल्याच ऑफिसमधल्या बायकांनी शिकवली. एक वाटी गरम पाणी मागायचं, काय श्वेइ, ते फुकट मिळतं, आणि भाजीचा घास त्यात बुडवून मग तोंडात. तिथे ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तेलाबरोबर थोडं मीठ पण उतरतं, आणि मिठाकडे बघायलाच हवं, कारण एक मोठा चमचा सोया सॉसमधे साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणून टेबलावरच्या सॉसच्या बाटलीला हात लावू नका, डिशमधे आधीच आहे.

हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात भाज्या बुडवून खायला गेलात तर लाल छोंगछिंग रस्सा घेऊ नका, तो परंपरेने बैलाच्या चरबीत करतात. टोमॅटोचा किंवा मशरूमचा घ्या, पण त्यात सुद्धा हाडांचा अर्क आहे का विचारा, शंका आली तर सरळ साधं पाणी मागा आणि त्यात आलं, पात, मशरूम टाकून स्वतःच रस्सा करा. एकाच भांड्यात सगळे बुडवणार असतील तर वेगळं छोटं भांडं मिळतं का बघा.

सकाळचं खाणं सोपं आहे. बिनसाखरेचं दौ ज्यांग म्हणजे सोया दूध, मान थौ म्हणजे बिनसारणाचा वाफवलेला पाव, आणि श्याओ मी जौ, ही पिवळी पेज म्हणजे आपलं राळं! आजारी माणसाला, बाळंतिणीला तिथे हीच देतात. शांघायमधे पालेभाजी आणि मशरूम भरलेले बाओ झ, म्हणजे सारणाचे वाफवलेले पाव, मिळतात ते छान, पण हिरवं सारण दिसलं म्हणून घेऊ नका, पातीचं सारण असेल तर त्यात अंडं असतंच असं धरा.

सगळ्यात निर्धास्त जेवायचं तर बौद्ध मंदिराशी जोडलेल्या किंवा सू खानावळीत जा. लिआंग घराण्याच्या सम्राट वूने ५०२ ते ५४९ राज्य केलं, त्याने भिक्षूंना मांस बंद केलं, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. छंगदूचं वन्शू मठ, श्यामनचं नान फूथो, शांघायचं जेड बुद्ध मंदिर, आणि शांघायचंच कुंग द लिन हे १९२२ पासूनचं रेस्टॉरंट. लोहान जाय ही भाज्या, मशरूम, टोफूची मिसळ तिथेच खावी, लोहान म्हणजे अर्हत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मात्र लवकर पोचा, त्या दिवशी खूप लोक सू पाळतात. तिथे खोटं बदक, खोटं चिकन पण मिळतं, गव्हाच्या ग्लुटेनचं किंवा दाबलेल्या टोफूचं, एकदा चाखा पण रोजचं करू नका, बऱ्याचदा तळलेलं असतं आणि मीठ जास्त. मंदिराबाहेरच्या अशा पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असू शकतो, विचारून घ्या.

बी १२ ची गोळी घरूनच न्या. आंबवलेल्या टोफूतून, शेवाळातून ते मिळतं असं ऐकाल, त्यावर विसंबू नका, मी स्वतः पहिलं वर्ष विसंबले आणि रिपोर्ट खाली आला.

आणि पहिल्या संध्याकाळी, विमानातून उतरून दमलेले असाल आणि काही सुचत नसेल तेव्हा दोघांत हे मागवा: फाय ह्वांग ग्वा, लसणीवरची नाळीची भाजी, पातीचा वाफवलेला टोफू, एक टोपली वू गू फंग दंग, आणि मी फान म्हणजे साधा भात, भात आधीच आणा असं सांगा नाहीतर तो शेवटी येतो.