मिनी ट्रॅक्टरमागचा ग्रास कटर दमतो तेव्हा : दोष कुठे आणि कसा शोधावा

काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातील संत्रा बगीच्यांत पावसाळ्यात गवत इतक्या झपाट्याने वाढते की मिनी ट्रॅक्टरमागच्या ग्रास कटरला उसंत मिळत नाही. संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असल्यामुळे दोन ओळींमधली जागा वारंवार वखरण्यापेक्षा गवत कापून तिथेच पडू देणे झाडांना मानवते. नेमके याच दिवसांत यंत्र दमू लागते आणि बहुतेक जण इंजिनावर ठपका ठेवून डिझेल पंप उतरवायला निघतात. तो खर्च करण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर नीट पाहावे : दाट गवतात शिरल्यावर इंजिनाचा आवाज दबतो, की इंजिन एकसारखे चालत राहते आणि फक्त पाती मंदावतात?

ही पाहणी करताना हँड थ्रॉटल पीटीओच्या (ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या खुणेपर्यंत ओढलेला असावा. आरपीएम मीटरवर ती खूण बहुधा दिलेली असते. डिझेल वाचवण्यासाठी कमी थ्रॉटलवर किंवा कमी इंजिन वेगाच्या इकॉनॉमी पीटीओवर जड गवत कापले जात असेल, तर तो दोष यंत्राचा नाही. आधी एवढेच सुधारून पाहावे.

यापुढची प्रत्येक तपासणी इंजिन बंद, पीटीओ सुटलेला आणि चावी स्वतःच्या खिशात, अशा स्थितीतच करावी. यंत्राखाली हात घालायचा असल्यास ते लाकडी ओंडक्यांवर टेकवावे. हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या यंत्राखाली कोणीही जाऊ नये.

इंजिन दबत नाही, पण पाती मंदावतात, याचा अर्थ ताकद वाटेत कुठेतरी घसरते आहे. बेल्टवर चालणाऱ्या कटरमध्ये पहिला संशय बेल्टवर घ्यावा. झाकण उघडल्यावर आत काळी भुकटी साचलेली दिसली, जळक्या रबराचा वास आला किंवा बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या चमकत असल्या, तर बेल्ट घसरतो आहे हे नक्की. चांगला बेल्ट पुलीच्या खाचेत कडांनी धरतो. तो झिजून खाचेच्या तळाला टेकला असेल, तर कितीही ताण दिला तरी उपयोग होत नाही, तो बदलावाच लागतो. ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग सैल पडली आहे का आणि तिचा हात गंजून अडकला आहे का, हेही पाहावे.

पीटीओ शाफ्टवर स्लिप क्लच, म्हणजे जादा भार आल्यावर घसरून गिअर बॉक्स वाचवणारा क्लच, असल्यास खडूचा एक तुकडा पुरतो. क्लचच्या सगळ्या चकत्यांवरून आडवी सरळ रेघ ओढावी, दाट गवतात थोडा वेळ कापणी करावी आणि यंत्र बंद करून रेघ पाहावी. ती तुटून चकत्यांवर पुढेमागे सरकली असेल, तर क्लच घसरतो आहे. अशा वेळी नट वाटेल तसे आवळू नयेत, कारण पूर्ण जखडलेला क्लच गिअर बॉक्सला वाचवू शकत नाही. स्प्रिंगची लांबी पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी. क्लचऐवजी शिअर बोल्ट (जादा भाराने मुद्दाम तुटणारा बोल्ट) असेल, तर तो तुटल्यावर पाती मंदावत नाहीत, थेट थांबतात.

इंजिन दबत असेल, तर मात्र पात्यांपासून सुरुवात करावी. जाड हातमोजे घालून प्रत्येक पाते हाताने फिरवून पाहावे. आमच्या भागात एक कारण वारंवार सापडते : गवतात दडलेली ठिबकची नळी पात्यात येते, तिचे वेटोळे स्पिंडलभोवती, म्हणजे पाते फिरवणाऱ्या दांड्याभोवती, बसते, घर्षणाने वितळून ऑइल सीलला चिकटते आणि वरून काहीच दिसत नाही. ती चाकूने सावकाश कापून काढावी आणि सील फाटला असेल तर बदलावा, नाहीतर ग्रीस निघून जाते आणि बेअरिंग बसते. बसू लागलेले बेअरिंग ओळखायचे असेल, तर पंधरा मिनिटे कापणी करून यंत्र थांबल्यावर प्रत्येक बेअरिंगच्या घरावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. जिथे ते चर्रकन उडतात, तिथे दोष आहे. डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या लोखंडी कवचाच्या, आत ओल्या गवताचा आणि काळ्या मातीचा थर वाळून घट्ट बसतो. तो खुरप्याने खरवडला नाही, तर कापलेले गवत बाहेर न पडता पात्यांखालीच घुसळत राहते. बोथट पातीही इंजिनाला तितकीच ओढतात. धार लावताना दोन्ही टोकांचे वजन सारखे राहील याची काळजी घ्यावी, अन्यथा थरथर सुरू होते आणि नवे बेअरिंगही टिकत नाही.

एवढे करूनही इंजिन दबत असेल, तरच इंजिनाकडे वळावे. एअर फिल्टर आणि रेडिएटरची जाळी गवताच्या भुशाने रोज भरते, म्हणून ती रोज साफ करावी. ताकद अर्ध्या तासानेच कमी होत असेल, तर डिझेल टाकीचे झाकण सैल करून पाहावे. फरक पडला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. फरक न पडल्यास डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे, गरज असल्यास फिल्टर बदलावा, आणि त्यानंतरच मेकॅनिकला पंप दाखवावा.