जुन्या कानशीपासून सुताराची पटाशी : घरच्या कार्यशाळेत करण्याची कृती

झिजून गुळगुळीत झालेली कानस भंगारवाल्याच्या काट्यावर इतर लोखंडाच्याच भावाने जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. चांगल्या कानशीच्या पोलादात साधारण 1 ते 1.3 टक्के कार्बन असतो, तर बांधकामाच्या सळईत तो 0.3 टक्क्यांच्या आतच असतो. झिजतात ते फक्त कानशीचे दात. धारेच्या हत्याराला लागणारा कस आत जसाच्या तसा शिल्लक असतो. अशा कानशीपासून सुताराची पटाशी घरी करता येते. तिला आकार देणे हे चिकाटीचे काम आहे, पण पटाशी चांगली की वाईट हे ठरते ते तीन वेळच्या तापवण्यावर : मऊ करण्यासाठी, पाणी देण्यासाठी (म्हणजे तापलेले पोलाद एकदम थंड करून कडक करण्यासाठी) आणि कडकपणा थोडा उतरवण्यासाठी.

कानस निवडणे

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा गावातल्या कोणत्याही भंगाराच्या दुकानात दहा इंची सपाट कानस मिळते. ती सुमारे 25 मि.मी. रुंद आणि 6 मि.मी. जाड असावी, आणि मुठीत जाणारे तिचे निमुळते टोक शाबूत असावे. काही स्वस्त कानशींचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो व आतले लोखंड मऊ असते. त्या या कामाच्या नाहीत. पारख करण्यासाठी ग्राइंडरवर एका कोपऱ्यातले दात पूर्ण उतरवावेत आणि आतला धातू चाकाला लावून ठिणग्या पाहाव्यात. जवळच फुटून फुलबाजीसारख्या दाट फांद्या पसरल्या तर पोलाद चांगले आहे. लांब, सरळ आणि विरळ रेघा निघाल्या तर ती कानस परत ठेवावी. गंज खोल खड्डे पाडून गेला असेल तरीही घेऊ नये.

मऊ करणे

कडक कानशीवर करवत चालत नाही, म्हणून ती आधी मऊ करावी लागते. लोणारी कोळशाच्या शेगडीत, हातपंख्याने किंवा लहान पंख्याने वारा देत, कानस सर्व लांबीभर सारखी लाल होईपर्यंत तापवावी. डोळ्यांच्या अंदाजावर न राहता गजाच्या टोकाला बांधलेला लोहचुंबक तिला लावून पाहावा. सुमारे 770 अंश सेल्सियसला पोलाद लोहचुंबकाला चिकटणे सोडते, आणि ही खूण कोणत्याही महागड्या तापमापकाइतकी भरवशाची आहे. त्या उष्णतेवर तीन-चार मिनिटे ठेवून कानस सांडशीने काढावी आणि चाळलेल्या, कोरड्या राखेच्या डब्यात खोल पुरून रात्रभर तशीच ठेवावी. घाईने उघड्यावर ठेवलेली कानस अर्धवट कडक राहते आणि दुसऱ्या दिवशी करवतीची पाती खाते. सकाळी धड कानस तिच्यावर घासून पाहावी. चावा बसला, बारीक कीस पडला, म्हणजे काम झाले.

घडवणे

मुठीकडचे टोक राखून, पात्याची लांबी 150 मि.मी. धरून लोखंड कापण्याच्या करवतीने पुढचा भाग कापावा. मग दोन्ही बाजूंचे दात पूर्णपणे, त्यांच्या मुळांसकट, काढावेत. या पायरीत बहुतेक जण कंटाळतात, पण उरलेली प्रत्येक चीर पाणी देताना तडा जाण्याची जागा ठरते. त्याच कारणाने पाते जिथे मुठीच्या टोकाला मिळते तो आतला कोपरा काटकोनी न ठेवता गोल कानशीने किंचित गोलवावा. धारेचा उतार 25 अंशांचा ठेवला की 6 मि.मी. जाडीवर तो साधारण 14 मि.मी. लांब येतो. मात्र या वेळी धार काढायची नाही. कडेला 1 मि.मी. जाडी राखावी, कारण कागदासारखी पातळ कड आगीत जळते आणि तेलात वाकते.

मूठ

मुठीला सागवान सोपे वाटते, पण मोगरीच्या ठोक्यांनी ते लवकर चिरते. बाभूळ उत्तम. बैलगाडीच्या चाकाचा मोडलेला आरा मिळाला तर तो सोडू नये. ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले, चिवट आणि आधीच पारखलेले असते. नुकतीच तोडलेली ओली बाभूळ वापरली तर मूठ आकसून सैल पडते. सुमारे 125 मि.मी. लांबीचा, 30 मि.मी. जाडीचा तुकडा अष्टकोनी करावा, म्हणजे पटाशी मेजावरून गडगडत नाही आणि हातात फिरत नाही. पुढच्या टोकाला तांब्याच्या नळीच्या 20 मि.मी. तुकड्याची शेंबी, म्हणजे लाकूड आवळून धरणारे कडे, घट्ट ठोकून बसवावी. ती नसेल तर मूठ पहिल्या आठवड्यातच फाटते. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीचा तुकडा घेऊ नये, कारण मूठ बसवताना तापणारे जस्त विषारी धूर सोडते.

मुठीत आधी 4 मि.मी.चे सरळ भोक निमुळत्या टोकाच्या लांबीइतके पाडून वरचा निम्मा भाग 6 मि.मी.चा करावा. मग ते टोक तापवून भोकात थोडे थोडे जाळत बसवावे आणि दर वेळी लगेच बाहेर काढावे. शेवटचे 8 ते 10 मि.मी. मुद्दाम शिल्लक ठेवावेत. मुठीचे हे काम पाणी देण्याच्या आधीच उरकावे, असे माझे ठाम मत आहे. कडक केलेल्या पात्याशेजारी पुन्हा आग नेणे म्हणजे केलेले काम मोडणे आहे.

पाणी देणे

माझी पहिली पटाशी मी विहिरीच्या गार पाण्यात बुडवली होती. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला आणि धारेपासून वर केसासारखी चीर दिसली. मुरलेले लोहार पाण्यात देतात, पण त्यामागे त्यांच्या हाताची वर्षे असतात. नव्या माणसाने तेल वापरावे. झाकणाच्या स्टीलच्या उभ्या डब्यात दोन लिटर शेंगदाण्याचे तेल 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट करावे. गार तेल घट्ट असते आणि उष्णता हळू ओढते, म्हणून ते कोमट हवे. हे काम अंगणात, संध्याकाळच्या मंद उजेडात करावे, म्हणजे पोलादाचा रंग खरा दिसतो. पुढचा 40 ते 50 मि.मी. भागच तापवावा. लोहचुंबक सुटला की आणखी किंचित उजळू द्यावे आणि पाते सरळ उभे, धार खाली ठेवून, एका दमात तेलात उतरवावे. ते वर-खाली हलवावे, आडवे हलवले तर वाकते. तेलावर ज्वाळा उठू शकते. त्या वेळी डब्यावर झाकण टाकावे, पाणी कधीही ओतू नये. वाळूची बादली जवळ असावी, अंगावर सुती कपडे, पायात चामड्याचे बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि मुले लांब असावीत. थंड झालेल्या कडेवर चांगली कानस घासली असता ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे.

कडकपणा उतरवणे

या अवस्थेतले पाते फरशीवर पडले तरी तुटते, म्हणून पुढचे काम त्याच संध्याकाळी करावे. काळा थर पॉलिश पेपरने घासून पोलाद चकचकीत करावे आणि केक भाजण्याच्या ओव्हनमध्ये 220 अंशांवर एक-एक तास असे दोनदा ठेवावे. ओव्हनच्या काट्यावर विसंबू नये. पोलाद स्वतःच सांगते. चकचकीत पृष्ठभागावर आधी सुकल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढतो, मग तो मधासारखा गडद होतो, पुढे तपकिरी, जांभळा आणि सुमारे 300 अंशांना निळा. ठोकून वापरायच्या पटाशीला मधाचा रंग योग्य. धारेवर जांभळी छटा आली तर पाते मऊ झाले. पुन्हा पाणी द्यावे लागेल.

जोडणी आणि धार

पाते मुठीत घालून पटाशी धार खाली करून हवेत धरावी आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यावेत. स्वतःच्या वजनामुळे पाते जागचे हलत नाही आणि मूठ त्याच्यावर चढत जाते. धारेच्या बाजूने कधीही ठोकू नये. मुठीला जवसाचे तेल लावावे आणि तेलाची चिंधी चुरगाळून न टाकता दोरीवर पसरून वाळवावी, कारण गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते.

धार लावताना आधी पात्याची पाठ पुढच्या 30 मि.मी.पर्यंत दगडावर आरशासारखी सपाट करावी. त्यानंतर 25 अंशांचा उतार खरखरीत दगडावर, मग 1000 नंबरच्या दगडावर घासावा आणि अगदी टोकाला 30 अंशांची बारीक पट्टी काढावी. ग्राइंडर लावायचाच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे. सागवानाच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे लाकडाच्या शिरांची टोके दिसतात तिथे, पटाशी हाताने दाबून चालवावी. भुसा न पडता पातळ पापुद्रा निघायला हवा. धारेचे कण उडाले तर ओव्हनमध्ये 10 ते 15 अंश वाढवून आणखी एक तास द्यावा. धार दुमडली तर शेगडी पुन्हा पेटवावी. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, वापर झाल्यावर पाते पुसून त्याला तेलाचा हात फिरवावा. या पोलादाला एका रात्रीत तांबेरा धरतो.