स्लो कुकरमधलं मटणाचं दाट सूप, पास्ता घालून

ही कृती मुळात बीफची. कर्नाटकात २०२१ पासून गाय-बैल कापायला पूर्ण बंदी आहे आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक मराठी घरांत ते शिजतही नाही. म्हणून इथे बोकडाचं मटण घ्यायचं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवायला ते उत्तमच, फक्त तुकडे योग्य हवेत. खाटकाला मान, सीना आणि पुढच्या पायाची नळी मागा. मांडीचं नुसतं मऊ मटण देत असेल तर घेऊ नका, पाच तासांनी त्याचा चोथा होतो. या सुपाचा दाटपणा हाडाजवळच्या चिवट पडद्यांतून येतो. ते पडदे सावकाश विरघळतात आणि रस्सा ओठाला किंचित चिकटतो.

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, शिट्टीचा कुकर नव्हे. साडेचार लिटरच्या अशा कुकरसाठी, सहा माणसांना पुरेल असं प्रमाण: हाडासकट मटण ७५० ग्रॅम, मध्यम कांदे २, गाजरं २, लसूण ८ पाकळ्या, बोटभर आलं, अख्खा मसूर अर्धी वाटी, टोमॅटो ३, तमालपत्रं २, दालचिनीचा लहान तुकडा, मिरे ८-१०, पाणी दीड लिटर, कोपराच्या आकाराची मॅकरोनी १५० ग्रॅम. तिखटाला ४ ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटा. ब्याडगीने रंग येतो, झणका नाही. तो हवा असेल तर एखादी संकेश्वरी सोबत वाटा. एकीपेक्षा जास्त नको. कांदा-लसूण मसाला आणि ओलं खोबरं इथे घालू नये. मसाल्याने हाडाची चव झाकली जाते आणि इतक्या वेळात खोबऱ्याचं तेल सुटून वर तरंगतं.

मटण धुऊन फडक्याने अगदी कोरडं करा. लोखंडी कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवून तुकडे दोन घाण्यांत परता, प्रत्येक बाजू तांबूस होईपर्यंत. सगळं एकदम टाकलं की मटणाला पाणी सुटतं, ते त्या पाण्यात उकडतं आणि रंग चढत नाही. ही पायरी टाळू नका, कारण स्लो कुकरमध्ये काहीच भाजलं जात नाही. त्याच कढईत कांदा, मग आलं-लसूण आणि मिरचीचं वाटण परता. अर्धी वाटी पाणी ओतून तळाला लागलेलं सगळं उलथन्याने खरवडून घ्या. सुपाची निम्मी चव त्या खरवडीत असते.

कुकरच्या तळाला गाजराचे लहान तुकडे आणि धुतलेला मसूर, त्यावर मटण, कढईतला मसाला, खडे मसाले, एक लहान चमचा मीठ. पाणी गरम करूनच ओता. गार पाण्याने भांडं तापायलाच तासभर जास्त जातो, आणि तापलेल्या चिनी मातीच्या भांड्यात गार पाणी पडलं तर ते तडकतं. भांडं निम्म्याहून जास्त आणि पाऊण भागापर्यंतच भरलेलं असावं. फ्रीजरमधलं गोठलेलं मटण थेट टाकू नये, आधी पूर्ण सुटू द्या.

‘हाय’वर साडेचार-पाच तास, ‘लो’वर आठ तास. मध्ये झाकण उघडून बघायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी वाफ जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात. २०० वॅटचा कुकर आठ तासांत जास्तीत जास्त १.६ युनिट वीज खातो. पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हा किती वेळ गेली ते बघा. नुकतीच गेली असेल तर सगळं पातेल्यात ओतून गॅसवर उकळी आणा आणि तिथेच शिजवा. दोन तासांहून जास्त वेळ कोमट पडून राहिलं असेल तर टाकून द्यावं.

टोमॅटो शेवटच्या तासात, तेही वेगळे परतून रस आटवून. आधी घातले तर आंबटपणामुळे मसूर कडक राहतो. मसुराऐवजी राजमा घ्यायचा तर रात्रभर भिजवून, पाणी बदलून, आधी गॅसवर अर्धा तास खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यातलं विष कुकरच्या मंद आचेवर मरत नाही, उलट्या-जुलाब होतात.

मटण झालं का, हे नळीजवळ चमच्याने दाबून कळतं. मांस हाडावरून घसरलं पाहिजे आणि पांढरा पडदा पारदर्शक, थरथरता झालेला दिसला पाहिजे. दबतंय पण सुटत नाही, तर अजून अर्धा तास.

पास्त्याला मात्र कुकरमध्ये जागा नाही. मटणाबरोबर पाच तास ठेवला तर त्याची खळ होते, आणि शेवटी घातला तरी अर्धा रस्सा पिऊन टाकतो. तीन चमचे मीठ घातलेल्या दोन लिटर उकळत्या पाण्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी शिजवून निथळा. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला बघून घ्या. मैद्याची मॅकरोनी लगेच चिकट होते. वाढताना वाडग्यात आधी पास्ता, त्यावर उकळता रस्सा आणि मटण, वरून कोथिंबीर आणि लिंबू. मीठ याच वेळी चाखून घाला, कारण कुकरमध्ये पाणी फारसं आटत नाही आणि आधीचा अंदाज चुकतो.

उरलेलं सूप बंद कुकरमध्ये ठेवू नका, ते जाड भांडं तासन्‌तास कोमट राहतं. रुंद स्टीलच्या पातेल्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या, पास्ता वेगळ्या डब्यात. सकाळी वर चरबीचा पांढरा थर आणि खाली थिजलेला रस्सा दिसेल. चरबी हवी तेवढी काढा. तीन दिवसांत संपवा, आणि गरम करताना कुकर न लावता गॅसवर पूर्ण उकळी आणा.