दरवळते रातराणी, गटार नव्हे

भाषांतराच्या कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एका वाक्यावर लाल गोल पडला. सांडपाण्यावरची माहितीपुस्तिका होती. 'परमिएट' या क्रियापदासाठी मी लिहिलं होतं, 'परिसरात दुर्गंधी दरवळते.' आमचे मुद्रितशोधक काका चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "अगं, दरवळते ती रातराणी. गटाराची घाण सुटते."

मी शब्दकोशातला अर्थ नीट पाहिला होता: आरपार पसरणे, व्यापणे. लॅटिनमध्ये 'पर' म्हणजे आरपार आणि 'मेआरे' म्हणजे जाणे. अर्थ बरोबर होता, पण नुसता अर्थ घेऊन मराठी वाक्य होत नाही. इंग्रजीत वास, पाणी, भीती, विचार या सगळ्यांना हे एकच क्रियापद पुरतं. आपल्याकडे आधी विचारायचं, काय पसरतंय? पाणी झिरपतं किंवा मुरतं, विष भिनतं, सुगंध दरवळतो. लोणच्याच्या फोडीत मीठ-मसाला मुरतो. संस्कारही अंगात भिनतात, भीती मात्र बहुधा पसरते नाहीतर मनात घर करते.

कित्येकदा तर वेगळं क्रियापद शोधायचीही गरज नसते, कारण आपल्याकडे 'भर' आहे. 'द स्मेल ऑफ फ्राइड फिश परमिएटेड द हाउस' याचं मी सुरुवातीला 'माशांच्या वासाने घर व्यापले' असं केलं असतं. कोणती आई असं बोलते? घरभर तळलेल्या माशांचा वास सुटला होता, झालं. गावभर, अंगभर, रात्रभर ही सगळी त्याच घरातली.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत लिहिताना, आपला 'घरात'मधला 'त' आडवा येतो आणि आपण 'परमिएटेड इन द हाउस' लिहितो. तो 'इन' काढा, या क्रियापदाला थेट कर्म लागतं. पाणी किंवा वायू असेल तर 'थ्रू' चालतं. त्याचाच भाऊ 'परव्हेड'. त्याला तेही लावू नका. तो बहुतेक वातावरण, मनःस्थिती, विचार अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी येतो. आणि 'पर्व्हेसिव्ह' हे विशेषण बरेचदा नकोशा गोष्टीला लागतं, भ्रष्टाचाराला वगैरे.

भूजलाच्या मजकुरात मात्र जपून. तिथे 'पर्मिएबिलिटी' म्हणजे पार्यता आणि 'पोरॉसिटी' म्हणजे सच्छिद्रता. मी दोन्हींना एकच शब्द वापरून मोकळी झाले होते. चिकणमातीत पोकळ्या भरपूर, म्हणजे सच्छिद्रता जास्त. पण त्या इतक्या बारीक की पाणी पुढे सरकायला मागत नाही, म्हणजे पार्यता कमी. एकाच शब्दात दोन्ही बसवले की वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं. आपल्या दख्खनच्या अखंड बेसॉल्टमधूनही पाणी सहज जात नाही, ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून खाली उतरतं. पाझर तलावाची जागा निवडताना हेच पाहावं लागतं. त्या 'पाझर'साठी इंग्रजीत 'पर्कोलेशन' आहे, 'परमिएशन' नव्हे.

आणि आरओच्या माहितीपत्रकात 'परमिएट' दिसलं की क्रियापद समजून धावू नका. तिथे ते नाम असतं, पडद्यापलीकडे निघालेलं शुद्ध पाणी.

त्याच भूजलाच्या कामात मी एक उपशीर्षक दिलं होतं, 'इथे पाणी कुठे मुरते?' काकांनी ते वाचलं, हसले आणि म्हणाले, "खोदकामाच्या बिलांत बघ."