ताबा ते गृहप्रवेश: ठाणे-नवी मुंबईत घर लावण्याची तयारी

घराच्या किल्ल्या हाती आल्या की पुढच्याच रविवारी रंगांची कार्डे उघडली जातात आणि सोफ्यांची छायाचित्रे एकमेकांना पाठवली जाऊ लागतात. या यादीत सोफा आणि रंग पुष्कळ उशिरा येतील. घोडबंदर रोडवरचा नवा फ्लॅट असो, नौपाड्यातल्या पुनर्विकसित इमारतीतले घर असो किंवा नेरूळमधली सिडकोची जुनी सदनिका असो, कामांचा क्रम एकाच तत्त्वावर लावावा: जे उकरल्याशिवाय बदलता येत नाही ते आधी, आणि जे पुढच्या दिवाळीलाही बदलता येईल ते शेवटी. देखणेपणा आणि सुख यांचे जमत नाही ते बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्यामुळे, कारण दिसणाऱ्या गोष्टींवर पैसे संपले की भिंतीआड जाणाऱ्या वायरी आणि नळांमध्ये काटकसर सुरू होते.

म्हणून पहिली तयारी वहीत करावी. घरातल्या प्रत्येकाचा साधा दिवस लिहून काढावा: पहाटे सर्वांत आधी कोण उठते आणि त्यामुळे कोणाची झोपमोड होते, डबे किती भरले जातात, घरून काम करणाऱ्याचे फोन किती वेळ चालतात, मुले अभ्यासाला कुठे बसतात, आजींना रात्री किती वेळा उठावे लागते, गावाहून पाहुणे आले की अंथरुणे कुठे पडतात. त्याच वहीत, वेगळ्या पानावर, या कुटुंबाला कशाची चाड आहे तेही लिहावे. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र, गप्पा मारत घ्यायचे असेल तर जेवणाचे टेबल टीव्हीसमोर ठेवता येणार नाही. गाण्याचा रियाज होत असेल तर तानपुऱ्यासाठी कोरडा कोपरा आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासून दूरची खोली शोधावी लागेल. वस्तू दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरण्याची सवय असेल तर स्क्रू काढून सुटे करता येणारे फर्निचर करून घ्यावे लागेल. अशा दहा-बारा ओळी लिहून झाल्या की सजावटकाराशी होणारे बोलणेच बदलते. तो दाखवील त्या चित्रांतले एखादे निवडण्याची वेळ येत नाही, आपण त्याला आपले घर समजावून सांगू शकतो.

ताबा घेताना, किंवा जुने घर असल्यास काम सुरू करण्याआधी, रिकाम्या घरात अर्धा दिवस काढावा. सोबत मोजपट्टी, एखादे जाड नाणे, बादली, खडू आणि फोनचा चार्जर एवढेच पुरे. नाण्याने प्रत्येक लादीच्या चारही कोपऱ्यांवर हलके ठोकावे. भरीव ठिकाणी आवाज बसका येतो आणि खाली माल नीट न भरलेल्या ठिकाणी पोकळ येतो, अशा लाद्यांवर खडूने फुली मारावी. न्हाणीघराच्या दूरच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की दाराकडे वळते ते पाहावे. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून पाहावा आणि सरकत्या खिडक्यांच्या खोबणीत पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी भोके ठेवली आहेत का तेही पाहावे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा फुल्यांची छायाचित्रे आणि लेखी यादी त्याच आठवड्यात पाठवावी. आपली तोडफोड सुरू झाल्यावर दोष कोणाचा, हा वाद मिटता मिटत नाही.

भिंत पाडायची असेल तर ती कशाची आहे हे आधी विचारावे. ठाण्यातल्या अनेक नव्या उंच इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत स्लॅब आणि भिंती एकत्र ओतून, बांधलेल्या आहेत. तिथे आतली भिंतही इमारतीचे वजन पेलत असते आणि तिच्यात वायरीसाठी खाचा मारणेसुद्धा योग्य नाही. अशा घरात स्विचबोर्डाची जागा बदलायची तर वायर फॉल्स सीलिंगमधून किंवा लाकडी पॅनेलमागून न्यावी लागते, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. जुन्या इमारतीत विटांची भिंत असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घेतल्याशिवाय तिला हात लावू नये. सोसायटीचे ना-हरकत पत्र, अनामत रक्कम, कामाच्या वेळा, डेब्रिज कुठे टाकायचे आणि सामान कोणत्या लिफ्टने न्यायचे हे कामगार येण्याआधी ठरवून घ्यावे. लिफ्टच्या दाराचे मापही घ्यावे.

यानंतरचा विषय पावसाचा, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहायला हवे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्याकडे पाऊस वाऱ्यासोबत नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंतींतून ओल आत येण्याचा धोका जास्त असतो. रंगकाम दसऱ्यानंतर आणि मे संपण्याआधी उरकावे. भर पावसाळ्यात पुट्टी नीट वाळत नाही आणि आत अडकलेली ओल काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे काढते. जुने घर घेतले असेल आणि राहण्याची दुसरी सोय असेल तर एक पावसाळा भिंती नुसत्या पाहाव्यात, ओल कुठून येते ते समजू द्यावे आणि मगच मिस्त्री बोलवावा. न्हाणीघराच्या लाद्या काढल्या असतील तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि नव्या लाद्या बसवण्यापूर्वी जाळी बंद करून पाणी साठवावे, ते किमान २४ तास आणि जमल्यास ४८ तास तसेच ठेवावे आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना विनंती करून त्यांचे छत पाहून यावे. या चाचणीत काम दोन दिवस थांबते म्हणून काही ठेकेदार ती टाळू पाहतात. ती टाळू देऊ नये. मोठी कपाटे शक्यतो आतल्या भिंतींना लावावीत. बाहेरच्या भिंतीशिवाय इलाज नसेल तर पाठीमागे बोटभर हवा खेळती ठेवावी, नाहीतर ऑगस्टमध्ये कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशी दिसते.

सजावटीच्या कोणत्याही चित्रात न दिसणारी आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो, ती म्हणजे ओले कपडे. पावसाळ्याचे चार महिने चार-पाच माणसांचे कपडे घरातच वाळतात. त्यांची जागा आधी ठरवली नाही तर ती जागा बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या घेतात आणि घराचा सगळा नेटकेपणा त्या कपड्यांखाली झाकून जातो. वॉशिंग मशीनजवळ, पंख्याच्या वाऱ्यात, दोरीने खाली-वर करता येणारे दांडे छताला बसवून घ्यावेत.

विजेचे पॉइंट ठरवण्याआधी फर्निचरच्या जागा ठरायला हव्यात, आणि त्यासाठी फार सोपा उपाय आहे. जुनी वर्तमानपत्रे जोडून पलंग, कपाट, सोफा आणि टेबल यांच्या खऱ्या मापाचे तुकडे कापावेत, जमिनीवर पसरावेत आणि घरातल्या सर्वांनी त्यांच्यामधून चालून पाहावे. कपाटाचे दार उघडले की पलंगाला अडते का, आजींना काठी घेऊन वळता येते का, दोन ते अडीच फुटांची वाट सगळीकडे उरते का, हे पाच मिनिटांत कळते. मग खडूने पॉइंट आखावेत: पलंगाच्या दोन्ही बाजूंना, अभ्यासाच्या टेबलावर, मिक्सरजवळ, वॉटर प्युरिफायरसाठी. दिव्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५ आणि गीझर व एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारणपणे वापरतात. इलेक्ट्रिशियनकडून हे लेखी घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आहे याची खात्री करावी, कारण गळणाऱ्या विजेपासून माणसाचा जीव त्यामुळेच वाचतो. दिवे घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचावा. बैठक आणि शयनगृहात २७०० ते ३०००चा उबदार प्रकाश, ओट्यावर आणि अभ्यासाला ४०००च्या आसपासचा प्रकाश बरा वाटतो. सगळीकडे ६५००चे पांढरेफटक दिवे लावले तर चांगले घरही दवाखान्यासारखे दिसते. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्यावेत, ते सुमारे ३० वॅटमध्ये चालतात, तर जुन्या पद्धतीच्या पंख्याला ७५ वॅटच्या आसपास लागतात. पश्चिमेच्या खिडकीसाठी जाड पडद्याच्या आधी बाहेरच्या बाजूने बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याची किंवा वेलीची सोय होते का ते पाहावे, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडले तर खोली तापत नाही.

स्वयंपाकघरात जो सर्वांत जास्त वेळ उभा राहतो त्याच्या मापाने ओटा करावा. ताठ उभे राहून कोपर काटकोनात दुमडावे आणि कोपराच्या साधारण चार इंच खाली ओट्याची पातळी धरावी. सरसकट ठरलेल्या उंचीचा ओटा उंच सूनबाईंना वाकायला लावतो किंवा ठेंगण्या सासूबाईंना खांदे उचलायला लावतो. दोघी आळीपाळीने रांधत असतील तर पोळ्या लाटण्यासाठी थोड्या कमी उंचीची वेगळी फळी करून घ्यावी. ट्रॉल्यांच्या सांगाड्यासाठी, निदान सिंकखालच्या भागासाठी, आयएस ७१० मानकाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लायवूड मागावे आणि तो आकडा फळीवर छापलेला आहे का हे फळी कापण्यापूर्वी स्वतः पाहावे. डाळी-तांदळाचे मोठे डबे, कुकर, पुरणयंत्र आणि लोणच्याची बरणी यांची मापे घेऊनच कप्पे आखावेत. पाइप गॅसची नळी सुताराकडून हलवून घेऊ नये. गॅस कंपनीच्या अधिकृत माणसालाच बोलवावे.

फर्निचर एकदम सगळे घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बेलापूरला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली घरे आजही चालत जाऊन पाहता येतात. ४५ ते ७५ चौरस मीटरच्या लहान भूखंडांवरची ती घरे अंगणांभोवती मांडली होती आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे व ऐपतीप्रमाणे वाढवता यावीत म्हणून शेजाऱ्यांशी सामाईक भिंत मुद्दाम टाळली होती. फ्लॅटच्या भिंती वाढत नाहीत, पण आतली मांडणी वाढू शकते. पलंग, एक कपाट, जेवणाचे टेबल आणि बसायला चार जागा एवढ्यावर गृहप्रवेश करावा, एक भिंत पूर्ण मोकळी सोडावी आणि वर्षभर राहून झाल्यावर तिथे काय हवे ते ठरवावे. पुस्तकांची मांडणी करायची असेल तर फळीला तीन फुटांच्या आत उभा आधार द्यावा, नाहीतर १८ मिलिमीटरची फळीही जाड ग्रंथांनी मध्ये झुकते. ठाणेकरांसाठी एवढे जोडावेसे वाटते की इथले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. तिथले सभासदत्व घेतले तर घरात पुन्हा पुन्हा उघडली जाणारीच पुस्तके ठेवता येतात आणि कपाट लहान पुरते.

आता आवडीनिवडी. रंगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: डब्यातल्या रंगाचा दोन फुटांचा चौकोन भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या प्रकाशात पाहावा आणि मग ठरवावे. भिंतीवर काय लावायचे याचा मात्र मनापासून विचार करावा. वारली चित्रांचे छापील स्टिकर सगळीकडे मिळतात, पण ज्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. इतक्या जवळच्या चित्रकाराच्या हातचे, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांचे एक लहान चित्र विकत घेणे म्हणजे त्या कलेचा मान राखणे आहे. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, आजोळचा पितळी हंडा, आजोबांचा लाकडी चौरंग, सोलापुरी चादर यांना आधी जागा द्यावी आणि उरलेल्या जागेपुरतीच खरेदी करावी. बैठकीत झोपाळा हवा असेल तर त्याचा हूक बीमला लागेल अशीच जागा निवडावी, आणि तीही इंजिनिअरला विचारून.

सणांची तयारी सुताराच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या यादीत लिहून द्यावी, कारण नंतर ती आठवते तेव्हा खिळा ठोकायला जागा नसते. गुढीची काठी बांधण्यासाठी बाल्कनीच्या कठड्याला पक्की कडी, आकाशकंदिलासाठी छताला हूक आणि शेजारी एक पॉइंट, गणपतीच्या मखरासाठी बैठकीत चार फुटांची मोकळी जागा आणि तिथे सॉकेट, देवघरात निरांजनाच्या ज्योतीपासून वरच्या फळीपर्यंत पुरेशी उंची, आणि तुळशीसाठी बाल्कनीतला जो कोपरा खरोखर उन्हात असतो तो, एवढे आधी सांगितले की पुढे दरवर्षी तारा लोंबकळत नाहीत.

शेवटी एक फाइल तयार करावी. लाद्या आणि पुट्टी लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीतल्या वायरींची व नळांची मोजपट्टी धरून काढलेली छायाचित्रे, नळ, पंखे आणि ट्रॉल्यांची बिले व वॉरंटी कार्डे, पाण्याच्या कॉकची जागा दाखवणारा प्लंबरने काढलेला नकाशा, सोसायटीच्या अनामतीची पावती आणि प्रत्येक खोलीच्या रंगाचा डब्यावरचा क्रमांक तिच्यात ठेवावा. आणि उरलेल्या लाद्यांचा एक खोका रद्दीत न देता, वर खोलीचे नाव लिहून, माळ्यावर ठेवून द्यावा.