'महोमेट' ते 'मुहम्मद': जुने पाश्चात्त्य ग्रंथ वाचायला बसणाऱ्यांसाठी

इतिहासात एम.ए. करून पीएच.डी.ला नाव नोंदवलेली मुलं-मुली माझ्याकडे अनेकदा एकच अडचण घेऊन येतात. युरोपीय प्रवाशाचं वर्णन असो, कंपनीच्या काळातला कायद्याचा ग्रंथ असो की मिशनऱ्याने लिहिलेलं चरित्र, इस्लामबद्दल आणि पैगंबरांबद्दल त्यात असं काही लिहिलेलं असतं की पुढे वाचवत नाही. मग हे साहित्य वापरायचं कसं? शब्द बदलायचे की तसेच ठेवायचे? या लेखनाच्या संगतीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सुरुवातीला जे कळून घेणं फार उपयोगी पडतं ते इथे सांगते.

लेखक काय म्हणतो याआधी, ते त्याला कुणी सांगितलं हे शोधा. या विषयातलं अर्धं काम तेवढंच आहे. राग यायचा तर येऊ द्या, तो साहजिक आहे. पण टिपणवहीत मताच्या आधी त्या मताचा उगम लिहायची सवय लावून घ्या.

नावांपासून सुरुवात करू. 'इस्लाम' हा शब्द अठराव्या शतकापर्यंतच्या युरोपीय लेखनात क्वचितच भेटतो. त्याऐवजी लोकांची नावं येतात. 'सॅरसन' हे सगळ्यात जुनं. ते इस्लामच्या आधीचं आहे; दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ते अरबस्तानाच्या कडेच्या एका जमातीसाठी येतं. पुढे चर्चच्या लेखकांनी त्याचा संबंध बायबलमधल्या सारेशी, म्हणजे इब्राहिमांच्या पत्नीशी जोडला. 'इश्माएली' आणि 'हागारीन' ही नावंही बायबलमधूनच आली: इब्राहिमांचा मुलगा इश्माएल आणि त्याची आई हागार. म्हणजे नवा धर्म समोर आला तेव्हा युरोपने त्याला आपल्याच ग्रंथातल्या एका कोपऱ्यात बसवून टाकलं. पुढे ऑटोमन सत्ता वाढली आणि 'टर्क' म्हणजेच मुसलमान असं समीकरण झालं. एलिझाबेथच्या काळातल्या इंग्रजीत कुणी 'टर्क झाला' म्हणजे त्याने इस्लाम स्वीकारला.

आपल्या बखरी आणि जुनी पत्रं वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही 'यवन' आणि 'अविंध' पदोपदी भेटतात, आणि 'यवन' तर मुळात ग्रीकांसाठीचा शब्द.

गोव्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना 'मोउरो' टाळताच येणार नाही. रोमनांच्या मॉरेतानिया प्रांतातले, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले लोक ते 'मौरी'. स्पेन-पोर्तुगालवर मुसलमानांची सत्ता आल्यावर तिथल्या लोकांसाठी मुसलमान म्हणजे मोउरो, आणि तोच शब्द जहाजातून इकडे आला. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा समोर आदिलशाहीची माणसं होती. मोरोक्कोशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, तरी पोर्तुगीज कागदांत ती मोउरोच. पोर्तुगीजांकडून हा शब्द इंग्रजांकडे गेला आणि जॉर्ज हॅडलीने १७७२ मध्ये हिंदुस्तानी भाषेचं व्याकरण छापलं तेव्हा मुखपृष्ठावर लिहिलं की ही भाषा सामान्यतः 'मूर्स' म्हणून ओळखली जाते. अशा कागदात 'मूर' दिसला की तो कोण, कुठला, हे दर वेळी संदर्भावरून ठरवावं लागतं. तो दख्खनी सरदार असेल, मलबारचा मापिळ्ळा, म्हणजे तिथला स्थानिक मुसलमान असेल किंवा होर्मुझचा व्यापारी असेल.

पैगंबरांच्या नावाची कथा अधिक त्रासदायक आहे. 'रोलांचं गीत' हे साधारण ११०० च्या सुमाराचं फ्रेंच वीरकाव्य. त्यात सॅरसन लोक तीन देवांच्या मूर्ती पुजतात आणि त्यातला एक 'माहूम'. ज्या धर्माने मूर्तिपूजा निषिद्ध ठरवली त्याच्या अनुयायांना मूर्तिपूजक केलं, आणि ज्यांनी आपण केवळ देवाचे प्रेषित आहोत असं सांगितलं त्यांनाच मूर्ती केलं. इंग्रजीतला 'माहाउंड' याच परंपरेतला. जुन्या इंग्रजीत 'मॉमेट' हा शब्द मूर्ती किंवा बाहुली या अर्थाने रुळला, तोही याच नावावरून.

पण सगळा युरोप इतकंच जाणत होता असं समजू नका. नवीन वाचक हमखास इथे अडखळतो. आठव्या शतकातला दमास्कसचा जॉन हा उमय्या खलिफांच्या राजधानीत वाढलेला, त्याचं घराणं तिथल्या महसुलाच्या कारभारात. कुराणात ख्रिस्ताबद्दल काय म्हटलंय हे त्याला माहीत होतं. त्याने इस्लामला पाखंडांच्या यादीत टाकलं. टीका कडवी आहे, पण मूर्तींची भाकडकथा त्यात नाही. वीरकाव्य गाणारा भाट आणि वाद घालणारा धर्मपंडित यांची टिपणं एकाच पानावर उतरवू नका. दोघांची माहिती वेगळी, श्रोता वेगळा, हेतूही वेगळा.

इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यातला कुप्रसिद्ध भागही असाच उलगडतो. 'नरक'खंडाच्या अठ्ठाविसाव्या सर्गात त्याने पैगंबरांना आणि हजरत अलींना फूट पाडणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. वर्णन क्रूर आहे, मी ते इथे उतरवत नाही. पण फूट पाडणारे का? कारण इस्लाम म्हणजे ख्रिस्ती धर्मातूनच फुटलेली शाखा, हे जुनं गृहीत त्याच्यापर्यंत पोचलेलं होतं. त्याच काव्यात चौथ्या सर्गात सलाहुद्दीन, इब्न सीना आणि इब्न रश्द यांना त्याने यातनांपासून दूर, प्राचीन ज्ञानी लोकांबरोबर बसवलं आहे. दोन्ही सर्ग शेजारी ठेवून वाचा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात या काव्याचं चौदाव्या शतकातलं मानलं जाणारं हस्तलिखित आहे, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

आता शीर्षकांबद्दल. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा प्रमुख पीटर ११४२ मध्ये स्पेनला गेला आणि त्याने कुराणाचा लॅटिन अनुवाद करवून घेतला. रॉबर्ट ऑफ केटन या इंग्रज पंडिताने तो ११४३ मध्ये पुरा केला. शीर्षकातच पैगंबरांना खोटं ठरवणारा शब्द आहे. पण आत? अलीकडच्या अभ्यासकांनी अनुवाद ओळीओळीने तपासला, तेव्हा दिसलं की अवघड जागी रॉबर्टने मुसलमान भाष्यकारांच्या तफसीरचा आधार घेतला होता. म्हणजे मुखपृष्ठावर शिवी आणि आत कष्टाने केलेलं वाचन. हाच अनुवाद चारशे वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापायला घेतला, तर नगरपरिषदेने मुद्रक ओपोरिनसला तुरुंगात टाकलं. मार्टिन ल्यूथरने रदबदली केली आणि १५४३ मध्ये पुस्तक बाहेर आलं. १६४९ चा पहिला इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून केलेला. त्याच्या मुखपृष्ठावर 'तुर्की भ्रम' पाहू इच्छिणाऱ्यांसाठी अशी जाहिरात आहे. असं कडक शीर्षक लावल्याशिवाय पुस्तक छापून बाहेर पडणं कठीण होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, मुखपृष्ठावरून लेखकाची नोंद करू नका. प्रस्तावना वाचा, मग आतली निदान एक सुरा मूळ अर्थाशी ताडून पाहा.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण उगम शोधणं म्हणजे नेमकं काय हे त्यातून कळतं. युरोपात एक गोष्ट प्रचलित होती: पैगंबरांनी म्हणे एक कबूतर पाळलं होतं, ते कानातले दाणे टिपायला यायचं आणि लोकांना वाटायचं की दैवी संदेश येतोय. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या पहिल्या भागात एक पात्र या कबुतराचा उल्लेख करतं, खुलासा न करता. म्हणजे नाटकाला आलेल्या प्रेक्षकाला ती गोष्ट ठाऊक असणारच. पुढे हॉलंडचा विद्वान ग्रोशियस याने ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथात तीच गोष्ट घातली. मग आला एडवर्ड पोकॉक. हा अलेप्पोला इंग्रज व्यापाऱ्यांचा पाद्री म्हणून राहिला, तिथे अरबी शिकला आणि १६३६ मध्ये ऑक्सफर्डचा पहिला अरबीचा प्राध्यापक झाला. त्याने ग्रोशियसला साधा प्रश्न विचारला: याला आधार काय? कोणत्या मुसलमान लेखकाने हे लिहिलंय? ग्रोशियसने कबूल केलं की मुसलमान लेखकाचा आधार नाही, आपल्याच लोकांच्या, विशेषतः स्कालिजर या युरोपीय पंडिताच्या लिखाणावरून घेतलं. पोकॉकने १६६० मध्ये ग्रोशियसच्या ग्रंथाचं अरबी भाषांतर छापलं, त्यातून कबूतर गाळलं.

पण लॅटिन आवृत्त्यांत ते राहिलंच. शंभराहून अधिक वर्षांनी इंग्रज इतिहासकार गिबनने आपल्या रोमन साम्राज्याच्या इतिहासात, पन्नासाव्या प्रकरणाच्या तळटिपेत, नेमकं यावरच बोट ठेवलं: अरब वाचक हसतील म्हणून जे काढलं ते युरोपीय वाचकासाठी ठेवलं. आणि ८ मे १८४० रोजी लंडनच्या व्याख्यानात स्कॉटिश लेखक कार्लाइलने पैगंबरांना ढोंगी म्हणणं आता शोभत नाही असं ठणकावताना हाच पोकॉक-ग्रोशियसचा किस्सा सांगितला.

या एका कबुतराचा माग काढलात तर अडीचशे वर्षांचा इतिहास हाती लागतो, तोही आठ-दहा पानं वाचून. पोकॉकचा तो प्रश्न मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. डोंगर महंमदाकडे येत नसेल तर महंमद डोंगराकडे जाईल, ही म्हण आजही सर्रास वापरतात. तिच्याबद्दल हाच प्रश्न विचारलात तर फ्रान्सिस बेकनच्या १६२५ च्या निबंधापाशी पोचता, अरबी परंपरेपाशी नाही.

अठराव्या शतकात वारं बदलतं. जॉर्ज सेल हा लंडनचा वकील. त्याने १७३४ मध्ये थेट अरबीवरून इंग्रजी कुराण छापलं, माराच्ची या इटालियन पाद्रीच्या १६९८ च्या आवृत्तीची भरपूर मदत घेऊन. माराच्चीने अरबी मूळ, लॅटिन अनुवाद आणि पानोपानी खंडन दिलं होतं. सेलने विद्वत्ता उचलली आणि खंडनाचा बराचसा भाग सोडला. त्याची लांबलचक प्रस्तावना कित्येक पिढ्यांनी वाचली. फ्रेंच लेखक व्होल्तेरचं १७४१ चं नाटक मात्र वेगळ्या खात्यात ठेवा. पैगंबरांचं नाव घेऊन ते एकंदर धर्मवेडावर हल्ला करतं. इस्लामविषयी माहिती म्हणून त्याला काही किंमत नाही.

भारताशी खरा संबंध एकोणिसाव्या शतकात येतो. विल्यम म्यूर हा वायव्य प्रांतातला, म्हणजे साधारण आजच्या उत्तर प्रदेशातला सनदी अधिकारी. त्याने लिहिलेलं पैगंबरांचं चार खंडांचं चरित्र १८५८ ते १८६१ मध्ये निघालं. नाव 'महोमेट' याच रूपात. म्यूर कबुतराच्या गोष्टी सांगत नाही. तो इब्न हिशाम, तबरी यांसारखे अरबी आधार वापरतो, आणि म्हणून तो जास्त जपून वाचावा लागतो. तळटिपा भक्कम, निष्कर्ष मिशनरी. सर सय्यद अहमद खान यांना हे पुस्तक इतकं लागलं की ते इंग्लंडला गेल्यावर तिथल्या ग्रंथालयांत बसले, पैशांची ओढाताण सोसली आणि १८७० मध्ये लंडनहून निबंधरूपाने उत्तर छापलं. म्यूर एकटा कधीच वाचू नका. सय्यद अहमद शेजारी उघडे असू देत.

'महोमेडन' या शब्दाबद्दल मुलं फार गोंधळतात. आक्षेप रास्त आहे: ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती, त्या धर्तीवर हा शब्द घडला, आणि त्यातून मुसलमान पैगंबरांची उपासना करतात असा चुकीचा अर्थ निघतो. पण प्रत्येक वापर द्वेषाचा नव्हे. सय्यद अहमद यांनी अलीगढला काढलेल्या कॉलेजच्या नावात तो होता. मुंबईच्या दिनशा मुल्लांचं कायद्याचं पुस्तक त्याच नावाने वकिलांच्या टेबलावर असतं. मुंबईचेच आसफ फैजी, स्वतः मुसलमान आणि इस्लामी कायद्याचे मोठे अभ्यासक, यांनी १९४९ मध्ये आपल्या ग्रंथाला 'मुहमडन लॉ' असंच नाव दिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अरबीचे अभ्यासक गिब यांचं 'मोहमेडॅनिझम' निघालं; पुढच्या काळात त्याचं नाव 'इस्लाम' झालं. उलट १९३७ च्या शरियत कायद्याच्या नावात 'मुस्लिम' आहे. न्यायालयीन भाषेतला शब्द आणि मिशनऱ्याच्या पत्रकातला शब्द दिसायला एकच असतो, वजन वेगळं.

काही कामाच्या गोष्टी. डिजिटल संग्रहांत शोधताना एकाच नावावर थांबू नका: महोमेट, मॅहुमेट, मॅकोमेट, माहाउंड, पोर्तुगीज कागदांत माफामेद, कुराणासाठी अल्कोरान. १८०० च्या आधीच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. यंत्राने वाचलेल्या पानात 'मुसुलमान'चा 'मुफुलमान' होतो आणि शोध रिकामा परततो. तेव्हा चुकीचं रूप मुद्दाम टाकून पाहा.

लिहिताना तुमचा आवाज आणि जुन्या लेखकाचा आवाज यांच्यात भिंत हवी. तुमच्या वाक्यात 'पैगंबर मुहम्मद', 'मुसलमान', 'इस्लाम'. जुना शब्द अवतरणात, सन आणि लेखकाच्या नावासह, आणि मुद्द्यासाठी लागेल तेवढाच. अवमानकारक वर्णन लांबलचक उद्धृत करण्याची गरज क्वचितच पडते. ते कुठे आहे आणि कशावरून आलंय एवढं सांगितलं की अभ्यासकाचं काम भागतं. अवतरणचिन्ह गळालेलं वाक्य फोनवरून गावभर फिरतं आणि ते तुमच्याच नावावर जमा होतं. भाषांतर करताना मूळ शिवी मराठीत सौम्य करू नका, तिखटही करू नका.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर सेलची प्रस्तावना आधी घ्या, कारण ती सहज मिळते आणि वाचता येते. मग गिबनचं पन्नासावं प्रकरण, तळटिपांसकट. मग कार्लाइलचं व्याख्यान, एका बैठकीत होतं. म्यूर आणि सय्यद अहमद एकत्र. मध्ययुगाकडे त्यानंतर वळा, आणि तेव्हा हाताशी पैगंबरांचं अरबी आधारांवर लिहिलेलं एखादं नीट चरित्र ठेवा, म्हणजे कोणती गोष्ट कुठे वाकवली हे वाचतावाचताच समासात लिहिता येईल.